वाटाड्यांच्या घराची रांग

"अल्गोट, मला गाव दाखव. पाहुण्यांना दाखवतात तसं."

टेक्ला आत्याचा हा आवाज त्या आठवड्यात अल्गोट सुंदवालच्या कानातून काही केल्या जाईना. दात घासताना तोच, उकडलेल्या बटाट्यांवर शेपू चिरून घालताना तोच, आणि इमारतीच्या धुण्याच्या खोलीत 'यंत्रात राहिलेला मोजा ज्याचा त्याने न्यावा' अशी सूचना भिंतीवर सरळ रेषेत चिकटवतानाही तोच. अल्गोट विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून इमारतीच्या मंडळाने धुण्याच्या खोलीचा कारभार त्याच्यावर सोपवला होता, आणि तो कारभार तो एखादं व्रत घेतल्यासारखा सांभाळी.

आता, जिने अख्खा जन्म एकेहाम्नमध्ये काढला, जिला त्या गावातल्या प्रत्येक कुत्र्याचं आजोळ ठाऊक, तिला गाव दाखवायचं म्हणजे माशाला पाणी दाखवण्यातलाच प्रकार. अल्गोटने तसं म्हणून पाहिलं.

"तेच तर," आत्या म्हणाली. "जन्मभर म्हणत आलो, पाहुणे आले की त्यांच्याबरोबर आपणही बघू. पाहुणे आले, जेवले, झोपले, गेले. बघायचं राहिलं."

नव्वदीला टेकलेल्या टेक्ला आत्याच्या डोळ्यांना एक विचित्र दुखणं जडलं होतं. नजरेच्या मधोमध धुकं आणि कडा मात्र लख्ख. समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर तिला मान वळवून भलतीकडेच पाहावं लागे. नवख्याला वाटे, म्हातारी रुसली आहे. रुसलेली नसे, ती तुम्हाला निरखून बघत असे. पण डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं की आता कडाही विझत जातील, आणि पुढचा हिवाळा बहुधा सगळा धुक्यातच जाईल. म्हणून ही घाई.

आणि गाव गाव म्हटलं तरी तिला मनापासून बघायचं होतं ते एकच. बंदरावरचं वाटाड्यांचं घर. तिचे वडील वाटाडे होते. परमुलखातल्या जहाजांवर चढून त्यांना खडकांच्या जंजाळातून सुखरूप बंदरात आणायचं, हा त्यांचा धंदा. जहाजांची वाट बघत तासन्‌तास बसून राहणाऱ्या त्या लोकांनी म्हणे आपल्या बसायच्या खोलीच्या भिंतींवर बाहेरचा सगळा समुद्र रंगवून ठेवला होता. ज्याने त्याने आपापल्या वाटेवरचे खडक काढायचे. बायकामुलांना आत मज्जाव. "मोठी झालीस की दाखवीन," असं वडील म्हणत. ती मोठी झाली तोवर वाटाड्यांची चौकी दुसऱ्या बंदरात गेली, घराला कुलूप लागलं, आणि मग वडीलही गेले.

"त्यात काय एवढं?" अल्गोटची बायको गुनवोर म्हणाली. "किल्ली माग, दार उघड, दाखव, आणि जेवायला वेळेवर ये."

अल्गोटलाही अगदी असंच वाटलं होतं. माणसाचे वाईट दिवस सुरू होतात ते अशाच सोप्या वाक्यांनी.

खालच्या मजल्यावरच्या रूनेला ही बातमी कळली. रूनेने एकदा कॅनडाहून आलेल्या आपल्या चुलतभावाला गाव दाखवलं होतं. तेव्हापासून तो या विषयातला अधिकारी पुरुष समजला जाई, निदान स्वतःकडून तरी.

"आधी चर्च," तो म्हणाला. "मग दोरखंडाचा कारखाना. थेट मुख्य ठिकाणी न्यायचं नाही. पाहुणा आधी दमला पाहिजे. ताजा पाहुणा फार प्रश्न विचारतो."

"आत्या पाहुणी नाही रे."

"हे तू पाहुणीला सांगू नकोस."

तेव्हा आधी चर्च. आत्याची चाकांची, वर बसायला बैठक असलेली कुबडी पुढे, मागे अल्गोट. चर्चच्या छतातून लांब साखळीला एक लाकडी जहाज टांगलेलं आहे. कुठल्याशा वादळातून वाचलेल्या खलाशांनी देवाला वाहिलेलं. त्या जहाजाखाली अल्गोटचा बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, आईची शेवटची प्रार्थना झाली, आणि असंख्य प्रवचनांत तो त्याच्याखाली मुकाट झोपला. वर मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. आत्याने मान तिरपी केली आणि म्हणाली, "शिडाच्या काठीवर कोण चढलंय ते बघ."

अल्गोटने बघितलं. नखाएवढा एक लाकडी माणूस दोरीला धरून चढत होता, आणि चढता चढता खाली, बाकांवर बसणाऱ्या माणसांकडे बघत होता. इतकी वर्षं तो वरून बघत होता, आणि खालच्या कुणीही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. अल्गोटच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो तसाच बघत राहिला, बघत राहिला, आणि जेव्हा मान खाली करायला गेला तेव्हा मान आली नाही. पुढचा सगळा दिवस तो आभाळाला काहीतरी विचारत असल्यासारखा हिंडला. ओळखीच्यांनी रस्त्यात टोप्या काढल्या, त्याही त्याला दिसल्या नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत अल्गोट सुंदवालला हल्ली गर्व झालाय अशी वदंता धुण्याच्या खोलीपर्यंत पोचली.

दोरखंडाच्या कारखान्यात तर त्याहून बिकट. गल्लीइतकी लांब, अंधारी, डांबराच्या वासाची ती वास्तू. या टोकाला कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला अंगावर शहारा यावा. तिथल्या माहितगार बाईंनी जुन्या यंत्रावर दोर वळून दाखवायला घेतला. अल्गोटच्या खांद्यावर, थंडी वाजली तर असावा म्हणून टाकलेला, गुनवोरने विणलेला निळा स्वेटर होता. त्याची बाही सुतांच्या जवळ गेली, आणि यंत्राने ती आपलीच म्हणून ओढून घेतली.

"थांबवा, थांबवा!" अल्गोट ओरडला.

"मध्ये थांबवता येत नाही," बाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या. "पीळ सुटतो."

पीळ सुटला नाही. स्वेटर गेला. आत्या मात्र त्या दोरावरून बोटं फिरवत कितीतरी वेळ उभी होती. "काय देखणा झालाय रे! आणि मधे ही निळी रेघ, जशी समुद्रातली खोल वाट." माहितगार बाईंनी तो दोर खुंटीवर टांगला. स्वेटर विणायला गुनवोरला एक अख्खा हिवाळा लागला होता, ही गोष्ट तिथे कुणाला सांगून उपयोग नव्हता.

आता उरलं वाटाड्यांचं घर. अल्गोटने नगरपालिकेत फोन लावला. फोनने सांगितलं की तुमच्या आधी माणसं रांगेत आहेत. रांगेचं नाव निघताच अल्गोटला बरं वाटलं. रांग म्हटली की पुढे न्याय असतोच, अशी त्याची श्रद्धा होती. शेवटी सांस्कृतिक विभागाची अन्नेली नावाची बाई बोलली. गोड आवाजात अरे-तुरे करत बोलली. पण त्यात हुरळण्यासारखं काही नव्हतं, कारण एकेहाम्नमध्ये पाद्रीबाबांपासून पोलिसापर्यंत सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात.

"घर आमचं आहे," अन्नेली म्हणाली, "पण भिंतींवरचा रंग वारसा समितीचा. आणि भिंतींत ओल आहे, ती तपासणी पथकाची."

"किल्ली?"

"किल्ली माझ्या खणात. पण दार उघडायचं तर लोकांची मागणी लागते."

"मी मागतोय की."

"तू एक आहेस रे. लोक म्हणजे अनेकवचन."

"माझी आत्या पण आहे."

अन्नेलीलाही वाईट वाटत असावं. "दोन माणसं म्हणजे कुटुंब," ती हळूच म्हणाली. "लोक नाहीत."

अल्गोटला रात्री जेवण गेलं नाही. आत्याला सांगायचं कसं? त्याने सांगितलं, आणि आत्या कुरकुरली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "मग दाराला तरी हात लावून येऊ. बाबा रोज त्याच दाराने जायचे."

जून महिना, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. धक्क्याच्या टोकाला ते लालसर, बुटकं घर उभं होतं. आत्याने दाराच्या फळीला हात लावला आणि तिथून हलायलाच तयार होईना. आपल्या कुबडीच्या बैठकीवर ती दाराकडे तोंड करून बसली. अल्गोट तिच्या मागे, हात पाठीशी बांधून, उभा राहिला.

थोड्या वेळाने त्याला वाटलं, आपल्या मागे कुणीतरी आहे. वळून बघतो तर एक मध्यमवयीन जोडपं, दीड हात अंतर राखून, शांतपणे उभं. त्यांच्या मागे सायकल धरून एक बाई. तिच्या मागे आणखी दोघं. कुणी काही विचारत नव्हतं. दोन माणसं बंद दारासमोर एकामागे एक उभी आहेत, याचा एकेहाम्नमध्ये एकच अर्थ होतो.

अल्गोटला दरदरून घाम फुटला. सांगावं का, की ही रांग नव्हे? पण रांग नव्हे म्हटलं तर पहिला नंबर कुणाचा? त्याने आयुष्यात कधी रांग मोडली नव्हती. मोडायची कशी हेच त्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात रूने आला. "कशाची रांग रे?"

"अरे, रांग नाही ही," अल्गोट कुजबुजला.

"मग मी पुढे जाऊन उभा राहतो."

"नाही! मागे जा! रांग आहे."

"तेच तर विचारतोय, कशाची?"

"आत्या बसलीय नुसती."

रूनेने रांगेकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि तज्ज्ञाच्या आवाजात म्हणाला, "मग उठू देऊ नकोस तिला. ती उठली की सगळं कोसळेल." आणि तो निमूट शेवटी जाऊन उभा राहिला.

रांग वाढली. कॉफीचे थर्मास निघाले, दालचिनीचे बन हातोहात मागे गेले. एका डब्यातला शेवटचा बन पुढून मागे आणि मागून पुढे हिंडला, कारण शेवटचा घ्यायला कुणी धजेना. रांगेचं शेपूट आइस्क्रीमच्या टपरीला भिडलं आणि मग घोटाळा झाला. आइस्क्रीमवाल्याची गिऱ्हाइकं आपण कुठल्या रांगेत आहोत हे विसरून पुढे सरकू लागली. तो बिचारा टपरी सोडून अल्गोटकडे आला.

"तू माझी रांग पळवलीस."

"मी? मी इथून हललोही नाही!"

"हललास तर परत येईल ती," तो काकुळतीने म्हणाला. "जरा हल ना."

अल्गोटच्या अब्रूवर आजवर असा प्रसंग आला नव्हता. विम्याच्या कचेरीतला माणूस, आणि भर धक्क्यावर त्याच्यावर रांगचोरीचा आळ! कान लाल झाले. आत्या मागे न वळता म्हणाली, "अल्गोट, मला एक स्ट्रॉबेरीचं सांग. म्हणजे त्याचं समाधान होईल."

नगरपालिकेच्या खिडकीतून म्हणे रांग दिसत होती. अन्नेली धावत आली. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या सद्‌गृहस्थांना तिने विचारलं, "काय आहे इथे?"

"माहीत नाही," ते म्हणाले, "पण एवढी माणसं थांबलीत म्हणजे थांबण्यासारखंच असणार."

अन्नेली रांगेच्या कडेने चालत चालत पुढे आली. डोकी बघत. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उमटत गेलं की जणू ती स्वतःच एखाद्या जुन्या वास्तूत शिरते आहे. दारापाशी येऊन ती अल्गोटला म्हणाली, "हे लोक आहेत."

"हो," अल्गोट म्हणाला. यापेक्षा खरं वाक्य तो कधी बोलला नव्हता.

अन्नेलीने कुणाकुणाला फोन केले. वारसा समिती हो म्हणाली, तपासणी पथकाचं कुणी उचललंच नाही. किल्ली पिवळ्या जाकिटातल्या एका माणसाबरोबर आली. कुलूप चिडलं, कुरकुरलं आणि उघडलं.

उंबऱ्यापाशी आत्या थांबली. "बूट काढ माझे," ती म्हणाली. "बाबांचं घर आहे."

अल्गोटने गुडघे टेकून तिचे बूट काढले, आणि स्वतःचेही काढले. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की एक मोजा करडा आहे आणि एक तपकिरी. धुण्याच्या खोलीचा कारभारी! त्याने पाय एकमेकांमागे लपवायचा प्रयत्न केला, पण दोन्ही लपेनात. मागच्या जोडप्याने ते बघितलं, आपल्याआपल्यात काही ठरवलं, आणि बूट काढले. त्यांच्या मागच्या बाईने काढले. बघता बघता धक्क्यावर शेकडो बुटांचा ढीग पडला, आणि पुढच्याने काढले म्हणून मागचा काढत गेला, थेट आइस्क्रीमच्या टपरीपर्यंत.

आत मिट्ट काळोख होता. पिवळ्या जाकिटवाल्याने समुद्राकडची झडप उघडली, आणि उजेड भिंतीवरून आडवा वाहत गेला.

चारही भिंतींवर समुद्र होता. जमिनीपासून छतापर्यंत. काळा, हिरवा, राखाडी, आणि कुठे कुठे, जिथे पाणी खोल, तिथे असा निळा की आत पाय टाकायला भीती वाटावी. त्यात शेकडो खडक. एका हाताने काढलेले मऊ, गाईंसारखे बसलेले. दुसऱ्या हाताचे दातांसारखे. हात बदललेले कळत होते, माणसं बदललेली कळत होती. मेंढी आणि तिचं कोकरू, करडा भिक्षू, तीन बहिणी. ज्या खडकांची गावातली मुलं दुरून बोट दाखवून नावं घेतात, ते सगळे इथे होते, आणि त्यांच्यामधून पांढऱ्या, केसाइतक्या बारीक रेषेने वाट गेली होती. एकही माणूस रंगवलेला नव्हता. एकही जहाज नव्हतं. फक्त ज्या ठिकाणी माणसं मरू शकतात, आणि जिथून वाचू शकतात, तेवढंच.

आत्याने भिंतीसमोर उभं राहून मान वळवली. पार वळवली, दाराकडे. भिंतीला गाल देऊन, डोळ्याच्या कडेने ती बघत राहिली. "हे बाबांचे," ती म्हणाली. "हे दातवाले. ते तसेच बोलायचे."

आत येणाऱ्या माणसांनी पहिल्या नंबरच्या बाईला असं उभं राहिलेलं बघितलं. सायकलवाल्या बाईने मान वळवली. जोडप्याने वळवली. रूनेने वळवली. ती खोली भरून माणसं, नुसत्या मोज्यांवर, भिंतीकडे पाठ फिरवल्यासारखी उभी राहून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू लागली. अशीच पद्धत असेल, असं प्रत्येकाला वाटलं. अल्गोटला हसू आलं, आणि मग त्यानेही मान वळवली.

आणि समुद्र हलला. आडव्या उजेडात, डोळ्याच्या कडेला, रंगाचे थर लाटांसारखे वर आले, खाली गेले. वाटाड्यांनी तो समोरून बघण्यासाठी काढलेलाच नव्हता. होडीच्या सुकाणूपाशी उभा असलेला माणूस नजर पुढे ठेवून खडक कडेने ओळखतो, तसा तो काढला होता. खोलीत कुणी श्वासही मोठ्याने घेईना. कुणीतरी टोपी काढली. आइस्क्रीमवाला दारात उभा होता, त्याच्या हातातलं स्ट्रॉबेरीचं विरघळून मनगटावरून ओघळत होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.

संध्याकाळी अन्नेलीने घर पुन्हा बंद केलं. ओलीचं पथक फोनवर सापडलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं की एवढ्या माणसांचा श्वास भिंतींना सोसणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत, म्हणजे कितीतरी काळ, आता कुणीही आत जायचं नाही. रांगेत कुणीही तक्रार केली नाही. प्रत्येकाने आपले बूट शोधले. रूनेला दोन डावे मिळाले, पण ती वेगळी हकीकत आहे.

परतताना आत्या म्हणाली, "खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, भिक्षूच्या पलीकडे, काय होतं रे? माझ्या कडेत ते आलंच नाही."

अल्गोट थबकला. त्याने पाहिलं होतं, डोळे भरून पाहिलं होतं, पण काय पाहिलं ते त्याला सांगता येईना. "मला खडकांची नावं येत नाहीत, आत्या. तुझ्यासारखी नाहीत येत."

"हिवाळ्यात माझ्या कडा गेल्या की हे सगळं जाईल," ती म्हणाली. रडत नव्हती, हवामान सांगावं तशी म्हणाली. "तेव्हा कुणीतरी सांगायला हवं ना मला, कुठल्यानंतर कुठला."

"मी सांगेन."

"रचून नाही हं सांगायचं. मला कळतं."

"रचून नाही. दर रविवारी येईन. बाहेरच्या पहिल्या खडकापासून थेट बंदरापर्यंत, बोटाने वाट काढत नेईन तुला."

"वचन?"

"वचन," अल्गोट म्हणाला. त्याला कळलं की भिंत बंद झाली आहे, आणि आता हे शिकायची जागा एकच उरली आहे.

सकाळी गुनवोर झोपेत असताना त्याने दार असं लावलं की कडीचाही आवाज झाला नाही. पाव आणि चीज कागदात गुंडाळून खिशात घातलं. फाटकाशी रूने फुलांना पाणी घालत होता.

"एवढ्या सकाळी? कुठे रे?"

एरवी अल्गोटने थांबून सगळं कारणासहित समजावलं असतं. आज तो नुसता हसला, हात हलवला आणि बंदराच्या उताराला लागला.

बेटांची टपालबोट सुटायच्या बेतात होती. बोट चालवणारी बाई दोर सोडत होती. "कुठे उतरणार तू?"

"कुठेच नाही. टपालाबरोबर हिंडतो."

बोट धक्क्यापासून अलगद वेगळी झाली. धुकं विरत होतं, पाणी दुधासारखं निवांत. बंदराचं तोंड ओलांडताच डाव्या अंगाला एक बुटका, काळा, ओला खडक पाण्यातून वर आला. जन्मभर त्याच्या शेजारी राहूनही अल्गोटने त्याची कधी चौकशी केली नव्हती. त्याने टोपी काढली, आणि एखाद्या घरी नव्या बाळाबद्दल विचारावं तशा हलक्या आवाजात बोटवाल्या बाईला म्हणाला,

"ह्याचं नाव काय?"